तेच आकडे, पुन्हा

५ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसातून फोन आला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ऑफिस म्हटलं की मी आधी घड्याळ बघते. फोनवर एक मधाळ आवाज होता. कंपनीचा वर्धापन सोहळा आहे, त्यात 'आठवणींचं दालन' उभारतायत, जुनी यंत्रं मांडणार आहेत, ती आम्ही चालवून दाखवायची. "तुम्ही त्या सोनेरी काळाच्या साक्षीदार आहात ना, आजी!"

सोनेरी! एक तर मी हिची आजी नव्हे. दुसरं म्हणजे पंच रूममध्ये सोनेरी काय होतं ते मला कुणीतरी दाखवावं. खिडकी नसलेली खोली, ओळीने बसलेल्या बायका आणि दिवसभर खाट-खाट-खाट. संध्याकाळी घरी गेलं तरी दारावरची घंटा ऐकू यायची नाही. कार्डांच्या भोकांतून पडलेला कागदाचा चुरा केसांत, डब्यात, रात्री अंथरुणात. थंड हवा यंत्रांसाठी सोडलेली असायची. आम्ही आपल्या त्यात स्वेटर घालून कुडकुडत बसायचो. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारायचं, आणि ती बया मनगटावरचं घड्याळ बघायची.

मी सरळ नाही म्हणाले. तेव्हा आवाज म्हणाला, "पण तुमच्या मैत्रीण हो म्हणाल्यात."

कोण मैत्रीण, तर चिमटा. चिमटाला गेल्या वर्षी झटका येऊन गेलाय. उजवा हात धड हलत नाही. ती काय डोंबल करणार आहे तिथे जाऊन?

६ फेब्रुवारी

सूनबाईने रात्री जेवताना विचारलं, "आई, तुमचं ते टायपिंगच होतं ना?" टायपिंग! मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "जा की, तेवढाच बदल." यांना मला घराबाहेर काढायला कारण हवंच असतं.

समजावून सांगायला गेले तर दोघांचेही डोळे काचेसारखे झाले. म्हणून इथे लिहिते, निदान ही वही तरी जांभया देणार नाही. कागदावरचे आकडे बघून मी यंत्राची बटणं दाबायची, तशी कार्डाला भोकं पडायची. मग तेच कागद आणि तीच कार्डं चिमटाकडे जायची. ती तिच्या यंत्रावर, म्हणजे व्हेरिफायरवर, तेच आकडे पुन्हा दाबायची. तिचं बटण आणि माझं भोक जुळलं की कार्ड पुढे सरकायचं. नाही जुळलं की यंत्र अडायचं आणि लाल दिवा लागायचा. तिला तीनदा संधी. तिसऱ्यांदाही नाही जुळलं तर त्या आकड्याच्या डोक्यावर यंत्र खाच पाडायचं आणि कार्ड बाद. सगळं जुळलं तर खाच उजव्या कडेला. मग कार्ड पास.

बाद कार्डं माझ्या नावावर मांडली जायची. त्यामुळे तो लाल दिवा माझ्या डोक्यात जायचा. तिच्या टेबलावर लागायचा पण लाज माझी जायची. ती उठून यायची, कार्ड माझ्यासमोर ठेवायची आणि एक शब्द न बोलता परत जायची. तिला चिमटा हे नाव मीच ठेवलं. बरोबर चूक तेवढी उचलायची. मला ती घाई म्हणायची. अजूनही म्हणते.

८ फेब्रुवारी, गुरुवार

चिमटाकडे जाऊन आले. ती लेकीकडे राहते. खोली लख्ख आहे, औषधांच्या बाटल्यांवर वार लिहिलेले, पलंगाला लोखंडी दांडा. लेक गुणी आहे, पण तिचं गुणीपण बघून मला शिसारी येते. आईच्या ताटातली पोळी तीच तुकडे करून देते. मी चिमटाला विचारलं, "झोप लागते का?" तर उत्तर लेकीने दिलं, "हो, आता आम्ही छान झोपतो." आम्ही! चिमटा भिंतीकडे बघत होती.

लेक चहा करायला आत गेली तेव्हा मी विषय काढला. "कशाला हो म्हणालीस? त्या थेरांत तुझं काय काम?"

"मला बसायचंय मशीनवर," ती म्हणाली. बोलणं जरा जड झालंय पण शब्द चोख. "लेकीला वाटतं मी आयुष्यभर टायपिंग केलं. एकदा बघू दे तिला मी काय करत होते ते. परत कधी ते मशीन चालू होणारे?"

"आणि हात?"

"हात माझा आहे. माझा मी बघीन."

मग तिने हात दाखवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ठीक. करंगळी जरा वाकडी. अनामिका मात्र उठतच नाही. ती उठव म्हणते आणि मधलं उठतं. मी म्हटलं, पुरे. मला ते बघवत नव्हतं.

घरी येताना वाटभर मी चिडलेली होते. उद्या मीही त्या मधाळ बाईला फोन करून येते म्हणून सांगणार आहे. चिमटाला त्या लोकांच्या तावडीत एकटी कोण सोडणार? बाकी मला त्यात काडीचाही रस नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज यंत्रं बघितली. तळघरात ठेवलेली होती. ठेवलेली कसली, फेकलेली. मधाळ बाई (हिचं नाव मी आठवणवाली ठेवलंय) नाकाला रुमाल लावून पुढे आणि आम्ही मागे. उंदरांच्या मुताचा वास इतका की डोळ्यांत पाणी आलं. आठवणवालीला वाटलं मला गहिवरून आलं. तिने माझा फोटो काढला.

व्हेरिफायरच्या पोटात उंदरांनी घर केलेलं. आमचीच कार्डं कुरतडून त्यांनी मऊ गादी केली होती, आणि त्यात वाळून चामडं झालेली दोन पिल्लं. सोबत आलेल्या मेकॅनिकने ती चिमट्याने उचलून डब्यात टाकली आणि हात न धुता बिस्किट खाल्लं. मला उलटी आवरावी लागली.

सगळ्यात किळस बटणांची आली. त्यांच्या फटींत काळा, चिकट थर बसला होता. मेकॅनिक म्हणाला, "बाई, ही धूळ नाही. हा बोटांचा मळ." म्हणजे आमचाच. माझा, चिमटाचा, त्या मेलेल्या सुपरवायझरचाही असेल. मी घरून आणलेला जुना दातब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. आठवणवाली म्हणाली, "अहो, आमचे लोक करतील." मी म्हटलं, "तुमच्या लोकांना कुठलं बटण किती घाण होतं ते माहीत नाही." तीन, सहा आणि नऊच्या बटणांवरचे आकडे जवळजवळ पुसलेले होते. ती अनामिकेखाली येतात.

हाताला अजून वास येतोय. तीनदा साबण लावला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्रं चालू झाली! मेकॅनिकने पट्टे बदलले, तेल घातलं. माझ्या पंच मशीनने पहिलं कार्ड ओढलं तेव्हा तोच आवाज आला आणि माझी बोटं आपोआप जागेवर गेली. अक्कल नसलेली बोटं. मी न बघता ओळ पूर्ण केली. आठवणवाली टाळ्या वाजवायला लागली. मला तिला झापायचं होतं, पण मी पुढचं कार्ड ओढलं.

मग चिमटा बसली. खुर्चीच्या उंचीवरून तिने मेकॅनिकला आधी दोन वेळा उठवलं. लेक मागे उभी, खांद्यावर हात ठेवून. चिमटाने तो हात बाजूला केला.

माझं कार्ड तिच्या यंत्रात गेलं. एक, चार, सात व्यवस्थित. दोन, पाच, आठही. तीनला दिवा लागला. अनामिका उठली नाही, तिच्याऐवजी मधलं बोट गेलं आणि ते आपल्या सवयीच्या बटणावर पडलं. तीनच्या जागी दोन. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दोन. तिसऱ्यांदाही दोन. कटकन खाच पडली. माझं बरोबर कार्ड बाद झालं. पुढच्या कार्डावर सहाचे पाच, नऊचे आठ. दर वेळी लाल.

मी म्हटलं, "राहू दे, आज तुला दगदग झालीय."

"लागू दे की," ती म्हणाली आणि पुढचं कार्ड घेतलं.

उसनं अवसान. मी तिला ओळखत नाही होय?

यावर आठवणवालीची कल्पना अशी, की दिवा लहान आहे, मागच्या लोकांना दिसणार नाही. तर वर एक मोठा लाल बल्ब लावायचा, आणि चूक झाली की भोंगा वाजवायचा. "लोकांना मजा येईल! सगळे एकदम 'ओऽऽ' करतील!" चांगली शिकलेली, नीटनेटकी मुलगी. कुठून येतं हे डोक्यात?

१७ फेब्रुवारी

आठवणवालीकडून एका खोक्यातून सोहळ्यात वाटायच्या वस्तूंचे नमुने आले. पंचकार्डाचं चित्र छापलेला कप, पंचकार्डाची उशी, पंचकार्डाची कानातली. उशी! ज्या कार्डांच्या कडांनी बोटं चिरली त्यांवर आता लोक गाल टेकवणार.

जुन्या ऑफिसवाल्यांनी मोबाइलवर एक गट काढलाय. मला न विचारता त्यात घातलं. सकाळपासून रडगाणी चालू आहेत. काय ती माणसं, काय तो जिव्हाळा, आता असं काही राहिलं नाही. एकाने लिहिलं, मशीन रूमचा तो थंडगार वास! हा गृहस्थ वरच्या मजल्यावर केबिनमध्ये बसायचा. मशीन रूममध्ये आला की पाच मिनिटांत "फार आवाज आहे बुवा" म्हणून पळायचा. मी गटातून बाहेर पडले. मुलाने रात्री परत घातलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी तालीम. तीच तऱ्हा. आता भोंगाही लावलाय. तो डुकरासारखा ओरडतो. दर तीन, सहा, नऊला भोंगा. हॉलमध्ये खुर्च्या लावणारी माणसं काम टाकून बघायला आली आणि फिदीफिदी हसली. लेकीने आईच्या तोंडावरून रुमाल फिरवला. तोंडाला काहीही लागलेलं नव्हतं.

सोहळ्यात असं ठरलंय, की पाहुण्यांनी आपापले फोन नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, मी कार्ड पंच करायचं, चिमटाने तपासायचं, आणि पास झालेलं कार्ड पाहुण्याने आठवण म्हणून घरी न्यायचं. फोन नंबरात तीन, सहा, नऊ नाहीत असं कधी होतं का?

मी लेकीला बाजूला घेतलं. "तूच सांग तिला, नको म्हणून. तुझं ऐकेल."

"मावशी, मलाही तेच वाटतं. पण आई म्हणते, तू फक्त ये आणि बघ." तिचे डोळे भरले. "सगळ्यांसमोर तिचं हसं झालं तर मला सहन नाही होणार."

मलाही नाही होणार. भरलेल्या हॉलमध्ये तो भोंगा, लोकांचं 'ओऽऽ', आणि त्यानंतरचं 'अरेरे, बिचारी'. ते अरेरे मला भोंग्याहून घाण वाटतं.

परत निघताना मी चिमटाला म्हटलं, "डाव्या हाताने कर. किंवा मधल्या बोटाला सांग, बाजूला सरक म्हणून."

"सांगतेच आहे. ऐकेल हळूहळू."

"सोहळा शनिवारी आहे."

"मग?" ती म्हणाली. तिला काही कळत नाहीये, की कळून घ्यायचं नाहीये?

२२ फेब्रुवारी

मला उपाय सापडलाय. भाजी निवडताना एकदम सुचला. चिमटाची चूक दर वेळी तीच आहे. तीनचे दोन, सहाचे पाच, नऊचे आठ. कधीच दुसरं काही नाही. मग मीच कार्ड तसं पंच केलं तर? तिचं बटण आणि माझं भोक जुळेल. यंत्राला बरोबर-चूक काय कळतंय, ते फक्त जुळतंय की नाही बघतं. दिवा नाही, भोंगा नाही, कडेला खाच, कार्ड पास. लोक कार्ड घरी नेऊन खणात टाकणार. पंच करताना कार्डाच्या वरच्या कडेला बारीक आकडे छापले जातात, पण ते कोण वाचतो?

दिवसभर बोटांना सवय करत होते. टेबलावर नुसतंच. चुकीचं दाबायला फार जड जातं. बोटं मागे खेचतात. जन्मभर जे होऊ नये म्हणून रक्त आटवलं तेच मुद्दाम करायचं, याची मला किळस येतेय. पण दुसरं करणार काय?

तिला अर्थातच सांगायचं नाही.

२३ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाली, उद्या काय घालणार? म्हटलं, स्वेटर.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासूनचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

हॉल गच्च भरलेला. दाराशी फुलांची कमान आणि कमानीला टांगलेली पंचकार्डं. आत शिरताना ती तोंडावर आपटत होती. मोठ्या साहेबांचं भाषण झालं. त्यात 'आपल्या भगिनींचे जादुई हात' असं वाक्य होतं. साहेबांचा स्वतःचा हात सगळा वेळ खिशात होता. मग बाजा वाजला आणि आमच्यावर दिवे पडले.

चिमटा केस नीट बांधून आली होती. लेक पहिल्या रांगेत.

पहिली चिठ्ठी साहेबांचीच. मी नंबर बघितला, श्वास घेतला आणि तीनला दोन दाबले. भोक पडलं. मला वाटलं यंत्रच ओरडेल. ओरडलं नाही. कार्ड चिमटाकडे गेलं. ती चिठ्ठी वाचत होती, व्हेरिफायरवर बसलेली बाई कार्डाकडे कधी बघत नाही. टक, टक, टक. सरळ पार. कडेला खाच. टाळ्या!

चिमटाची भुवई जराशी वर गेली. तिने आपल्या बोटांकडे बघितलं. दुसरं कार्डही पार झालं. तिसरं, चौथं. तिचा चेहरा उजळत गेला, मान ताठ झाली, वेग वाढला. लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. मला वाटलं, जिंकलं आपण. भोंगा गप्प होता आणि आठवणवाली हिरमुसली होती. तिची मजा गेली याचा मला मनापासून आनंद झाला. अशी पुष्कळ कार्डं झाली.

मग लेक स्वतःची चिठ्ठी घेऊन वर आली. मी तिचाही नंबर तसाच पंच केला. चिमटाने तो न बघता दाबला, पाठच असणार. कार्ड पास. तिने ते आपल्या हाताने लेकीला दिलं. लेकीने प्रेमाने उलटसुलट करून बघितलं आणि वरची ओळ वाचली.

"आई, हा माझा नंबर नाहीये."

माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

"नऊच्या जागी आठ आहे. आणि इथे तीनच्या जागी दोन."

मागून कोणीतरी ओरडलं, "माझंही चुकलंय!" मग साहेबांनी खिशातून कार्ड काढलं. हॉलमध्ये हशा पिकला. आठवणवालीने माइक घेतला, "दोघींनी एकच चूक केली! याला म्हणतात मैत्री!" पुन्हा टाळ्या.

चिमटा हसत नव्हती. तिने लेकीच्या हातातलं कार्ड घेतलं, वाचलं, मग आपल्या अनामिकेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. इतकी वर्षं ती माझ्या टेबलावर चुकीची कार्डं ठेवत आली, पण असं कधी बघितलं नव्हतं. ताटात काहीतरी मेलेलं निघावं तसं बघितलं.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"अगं, झालं ना आता. लोकांना मजा आली."

"घाई. नंबर नीट वाच आणि पुन्हा कर."

मी केलं. बरोबर केलं. कार्ड तिच्याकडे गेलं. पहिल्याच तीनला भोंगा वाजला आणि बल्ब पेटला. हॉल 'ओऽऽ' म्हणाला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा भोंगा. आता एकच संधी. मी उठायला लागले, तर तिने हाताने मला बसवलं.

मग तिने डाव्या हाताने उजव्या हाताची अनामिका धरली, उचलली आणि नेऊन तीनच्या बटणावर ठेवली. ठेवून वरून दाबली. कार्ड सरकलं.

पुढच्या सहाला भोंगा, मग बोट उचलून ठेवणं. नऊला तेच. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग कंटाळले. मागे जेवण मांडलं होतं, तिकडे ताटं वाजायला लागली. साहेब घड्याळ बघत निघून गेले. आठवणवाली तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आपण इथेच थांबूया का?" चिमटाला ते ऐकू आलं असेल असं वाटलं नाही. बल्ब लागत होता, भोंगा ओरडत होता, आणि तिला त्या कशाचीच लाज वाटत नव्हती. माझी मान खाली होती. ती ताठ बसून काम करत होती.

कार्ड पार झालं. तिने ते लेकीला दिलं आणि म्हणाली, "आता वाच."

लेकीने वाचलं. एकेक आकडा, मोठ्याने. बरोबर होता. ती टाळ्या वाजवायला हात उचलणार होती, पण नाही वाजवल्या. आईच्या खुर्चीमागे न जाता समोरच उभी राहिली आणि तिने विचारलं, "आई, दिवा लागला म्हणजे चूक सापडली ना? मग ती शोधायलाच बसवायचे ना तुला?"

"मग कशाला बसवायचे?" चिमटा म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. लेकीला मात्र तिने जेवणाच्या टेबलांमधून फिरवलं, वाटलेली कार्डं परत गोळा करायला. लोक देईनात. एका बाईने कार्ड पर्समध्ये लपवलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तो दिवा माझ्यासाठी लाज होता, म्हणून तिच्यासाठीही असणार, असं मी धरून चालले. विचारलं कधीच नाही. शेजारच्या टेबलावर जन्म काढला आणि हेही मला माहीत नव्हतं.

सकाळी गेले तिच्याकडे. दार लेकीने उघडलं आणि आत बोट दाखवून निघून गेली. आज ती मध्ये बसली नाही.

चिमटा पलंगावर होती. समोर कालची, परत मिळालेली कार्डं आणि चिठ्ठ्या. नखं कापायच्या कात्रीने, डाव्या हाताने, ती चुकलेल्या प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर खाच पाडत होती. वेड्यावाकड्या खाचा. गादीवर चुरा पडला होता.

"चिडलीस?" मी विचारलं.

ती खाच पुरी करेपर्यंत थांबली.

"मी तुझी एवढी कार्डं बाद केली. तू बाथरूममध्ये जाऊन रडायचीस ते मला माहीत होतं. वाटलं असतं तर सोडून दिली असती एखादी. कोणाला कळणार होतं?" जड जिभेने ती एकेक शब्द नीट लावत होती. "कधी सोडली नाही. तुझी कीव नाही केली मी."

मला माझीच शिसारी आली, आणि ती कुठे पुसून टाकावी ते कळेना. मी म्हटलं, "लोकांना काय पडलंय त्या नंबरांचं? कोणी बघणारसुद्धा नाही."

तिने कार्डांचा गठ्ठा उचलला, पलंगावर ठोकून कडा जुळवल्या आणि उठून, दांडा धरत, माझ्यापर्यंत आली. गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. एक शब्द न बोलता परत जाऊन बसली.

सगळी पुन्हा पंच करायची आहेत. लेकीने आठवणवालीला फोन केलाय, यंत्रं आठवडाभर हॉलमध्येच आहेत. उद्या सकाळी जायचंय, दोघींनी.